आठ लाख म्हणजे हातात किती?

मुलाखतीला निघालेल्या मुलाला आपल्या घरांत सगळं सांगतात. वेळेआधी पोच, नीट बोल, कागद विसरू नकोस. पगाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ‘पैशाचं आपण कसं काढायचं?’ या संकोचातच आपण वाढतो, मीही वाढले. दुसऱ्या नोकरीच्या वेळी अपेक्षा विचारली, तेव्हा मी म्हणाले, “तुमच्या नियमात बसेल ते द्या.” सहा महिन्यांनी कळलं, माझ्याइतकाच अनुभव असलेल्या शेजारच्या सहकाऱ्याला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार होता. त्याने मागितला होता, एवढंच. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत होते आणि पुढची कंपनी आधीचा पगार विचारूनच आकडा काढते, त्यामुळे ती एक चूक मला वर्षानुवर्षं पुरली.

नंतर मी टेबलाच्या पलीकडे बसले, भरती करत. प्रत्येक पदासाठी खालचा आणि वरचा आकडा आधीच मंजूर असायचा. आम्ही पहिल्यांदा सांगायचो तो आकडा सहसा वरच्या टोकाचा नसायचा, कारण उमेदवार मागणार हे गृहीतच असायचं. सभ्यपणे जास्त मागितलं म्हणून मी कुणाचीही ऑफर मागे घेतली नाही. बरेचजण मात्र काही न विचारता सही करून जायचे. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

आता आकडा नीट बघू. तुम्हाला ८ लाखांचं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सांगितलं. बाराने भागून तुम्ही घरी ‘६६ हजार’ सांगता. थांबा. त्यात १० टक्के व्हेरिएबल असेल तर ८० हजार बाजूला गेले. ते कामगिरी आणि कंपनीचा नफा बघून मिळणार. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ४ लाख धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ, म्हणजे ४८ हजार, त्यातच मोजलेला असतो. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, १९,२४० रुपये. आणि कायम नोकरीत ती मिळायला साधारण ५ वर्षं टिकावं लागतं. विम्याचे दहाएक हजार. उरले महिना साडेत्रेपन्न हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा ४ हजार पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर गेला, की खात्यात ४९ हजारांच्या आसपास. पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. पण हिंजवडीतल्या खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही. म्हणून आकड्यावर बोलण्याआधी पगाराची फोड मागा, आणि बोलायचं ते फिक्स्डवर, म्हणजे व्हेरिएबल वगळून उरलेल्या ठरलेल्या रकमेवर.

बोलायची वेळ एकच: निवड झाल्यावर आणि होकार लेखी देण्याआधी. शब्द साधे ठेवा. “मॅडम, ऑफर मिळाली याचा आनंद आहे, कामही आवडलंय. फिक्स्ड साडेसात लाखांपर्यंत नेता येईल का?” एवढं बोलून गप्प बसा. ती शांतता अवघड जाते आणि आपणच घाईने “नाही जमलं तरी चालेल” म्हणून मोकळे होतो. ते वाक्य गिळा. घरभाडं, बहिणीचं लग्न ही कारणं सांगू नका. तुम्हाला काय येतं आणि त्या कामाला बाजारात काय मिळतं, ते सांगा. फिक्स्ड हलत नसेल तर नोटीस पिरियडचा बायआउट मागा, म्हणजे नोटीस पूर्ण न करता निघाल्याबद्दल जुन्या कंपनीला द्यावे लागणारे पैसे नव्या कंपनीने भरावेत असं म्हणा, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार मागा, आणि जे ठरेल ते मेलवर घ्या. जॉइनिंग बोनस दिला, तर किती महिन्यांत सोडल्यास तो परत करावा लागतो, तेही वाचा.

कॅम्पसमधून लागणाऱ्यांना मोकळीक कमी, कारण अख्ख्या बॅचला बहुधा एकच आकडा असतो. तुम्ही बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आणि पोस्टिंगचं गाव विचारा.

खोटी दुसरी ऑफर किंवा फुगवलेला जुना पगार कधीच सांगू नका. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफची नोंद, सगळं तपासलं जातं. आणि सही-शिक्क्याचं पत्र हातात आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

ज्यांच्याकडे आत्ता ऑफर लेटर आहे, त्यांनी चहानंतर ते घेऊन पुढे या. शेवटच्या पानावरची फोड आपण एकत्र वाचू.