बोटांच्या बेचक्यातली बुरशी

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. माणूस चप्पल काढायला संकोचतो आणि हळूच म्हणतो, "मॅडम, चिखल्या झाल्या." भंडाऱ्याकडून धानाची रोवणी आटोपून आलेल्या बाया असतात, बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीभर सेफ्टी बूट घालणारी पोरं असतात. लाजण्यासारखं यात काहीच नाही. पायाला ओल आणि ऊब मिळाली की बुरशी धरते, मग तो पाय कोणाचाही असो.

नुसत्या पाण्याने भिजून झालेल्या चिखल्या पाय कोरडे ठेवले की काही दिवसांत भरून येतात. बुरशीच्या मात्र राहतात. तिची आवडती जागा म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी. तिथली कातडी पांढरी, लिबलिबीत होते, सोलते, मधोमध चीर पडते, आणि मोजे काढले की खाज उसळते. दुसरा प्रकार पुष्कळदा ओळखूच येत नाही. त्यात तळपाय कोरडा पडतो, रेषारेषांत पीठ भरल्यासारखा दिसतो. लोक त्याला भेगा समजून वर्षानुवर्षं व्हॅसलीन चोळतात. दोन्ही तळपाय आणि एकच तळहात असा कोरडा असेल, तर बुरशीची शंका घ्यायलाच हवी.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट सांगते. बरेच जण औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात. मिळते ती अनेकदा तिहेरी मिश्रणाची असते: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते. वाटतं, बरं झालं. पण त्याने त्या जागची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने उसळते. असा एक तरुण कामगार माझ्याकडे आला होता. पायापासून सुरू झालेला नायटा जांघेत आणि कमरेपर्यंत गेलेला, आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढरट चिरा पडलेल्या. वर्षभर एकच ट्यूब लावत होता बिचारा. म्हणून हात जोडून सांगते, घरातली ट्यूब आजच तपासा. नावं इंग्रजीत असतील तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं तर ती बुरशीवर लावू नका.

मग काय लावायचं? साधं क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन, त्यात स्टिरॉइड नसलेलं. डाग दिसतो त्याच्या बोटभर बाहेरपर्यंत लावा. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे. खाज गेली म्हणून आठव्या दिवशी सोडू नका, कारण खाज आधी जाते आणि बुरशी नंतर. मेंदी लावल्याने गार वाटतं, पण बुरशी मरत नाही. लिंबू आणि रॉकेल तर नकोच, कातडी भाजते. आंघोळीनंतर बेचक्या वेगळ्या फडक्याने टिपा, मोजे रोज बदला, बूट एक दिवसाआड घाला. आणि एक छोटी गोष्ट: कपडे घालताना मोजे आधी, अंतर्वस्त्र नंतर. नाहीतर पायाची बुरशी कपड्यावरून जांघेत जाते.

मधुमेह असेल तर घरच्या घरी प्रयोग करू नका. आपल्या विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आहेत, त्यांनीही नाही. अशा पायावर बेचक्यातली एक चीर म्हणजे जंतूंना उघडं दार. पाय लाल, गरम, सुजलेला आणि सोबत थंडी-ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा.

नखाचं काम वेगळं आहे. अंगठ्याचं नख पिवळट, जाड होतं, खाली भुसा साचतो, कडा झडतात. पण प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं. सोरायसिस या कातडीच्या आजारात किंवा बूट लागून लागूनही ते असंच दिसतं. म्हणून गोळ्यांआधी तपासणी हवी: नखाखालचा भुसा खरवडायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघायचे. साधी तपासणी आहे. बुरशी निघाली तर सहसा टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी, पायाच्या नखासाठी रोज एक, १२ आठवडे. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करून घेतात, म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

बारा आठवडे झाले तरी नख खराबच दिसतं आणि लोक खचतात. पण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मी रुग्णांना सांगते, मुळाशी बघा. तिथून गुलाबी, स्वच्छ नख पुढे सरकत असेल तर औषध लागू पडतंय.

तपासायला येताना नेलपॉलिश पुसून या. आणि घरात जेवढ्या ट्यूबा असतील, अर्ध्या वापरलेल्या, शेजारणीने दिलेल्या, त्या सगळ्या पिशवीत घालून सोबत आणा.