मॅजेस्टिकच्या समोर, वखारीच्या अलीकडे

(दृश्य: गिरगाव मेट्रो स्टेशनचा सरकता जिना. वरून येणारा दुपारचा उजेड.)

या जिन्याने मी पहिल्यांदा वर आलो आणि चक्क हरवलो. माझा जन्म इथून दोन मिनिटांवरचा. आयुष्याची पहिली तीस वर्षं याच रस्त्यावर गेली. तरी एका पानवाल्याला विचारावं लागलं, ठाकूरद्वार कुठल्या बाजूला? त्याने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं त्याचं.

९ ऑक्टोबर २०२५ला ही भुयारी मेट्रो गिरगावातून धावायला लागली. तिच्यासाठी काही जुन्या इमारती गेल्या, पण सगळा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. गिरगाव त्याआधीच टप्प्याटप्प्याने निघून चाललं होतं. काही विरारला, काही बोरिवलीला. आम्ही डोंबिवलीला.

त्या संध्याकाळी आत्याला फोन केला. आत्या चौऱ्याऐंशीची. तिने विचारलं, "मॅजेस्टिकच्या समोर बाहेर आलास का?"

"अगं, मॅजेस्टिक कुठे आहे आता?"

"नसू दे. समोर तर आहे ना?"

(दृश्य: मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरची पाटी. खालून जाणारी बस.)

आत्याचं मॅजेस्टिक म्हणजे सिनेमा थिएटर. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा', म्हणजे भारतातला पहिला बोलपट, तिथे लागला. आर्देशिर इराणींचा. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. पुढे थिएटर पाडलं आणि जागेवर शॉपिंग सेंटर आलं. गंमत म्हणजे त्या बोलपटाची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. चित्रपट गेला, थिएटर गेलं, पण पत्ता राहिला. केशवराव कोठावळ्यांनी थिएटरजवळ पुस्तकांचा स्टॉल टाकला तेव्हा नाव तेच घेतलं, आणि मराठी वाचकाला आज मॅजेस्टिक म्हटलं की पुस्तकंच आठवतात. टॅक्सीत बसून नुसतं "मॅजेस्टिक" म्हणू नका मात्र. कुलाब्याला त्याच नावाच्या आमदार निवासाशी नेऊन सोडतील.

आणि त्याहीआधी, ३ मे १९१३ला, सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला होता. ते कॉरोनेशन तर पत्त्यातसुद्धा उरलेलं नाही. आत्यालाही ठाऊक नाही.

तसं पाहिलं तर नसलेल्या गोष्टींच्या नावाने हाक मारायची गिरगावाला जुनी खोड आहे. फणसवाडीत फणस दाखवा. कांदेवाडीत कांदा दिसला तर भाजीवाल्याच्या गाडीवर. मुगभाटात मूग कोणी पेरले, कधी पेरले? नारळीपोफळीच्या वाड्या गेल्या, चाळी आल्या, आणि आलेल्या माणसांनी वाड्यांची नावं तशीच ठेवून घेतली.

(दृश्य: जेवणाचं टेबल. लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून पसरलेलं. आत्याचा हात, बॉलपेन.)

ही फिल्म करायची ठरली तेव्हा मी आत्याला म्हटलं, दुकानं सांग, ओळीने. ती म्हणाली, सांगत नाही, काढते. एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि मधोमध दोन रेघा ओढल्या. हा गिरगाव रोड. जगन्नाथ शंकरशेठ मार्ग म्हणायला ती अजून तयार नाही. शंकरशेठांबद्दल आदर आहे, सवय नाही.

मग चौकोन सुरू झाले. कोपऱ्यावर इराणी. त्याला लागून छत्र्यांचं दुकान. मे महिन्यात तिथे दारापर्यंत काळं कापड आणि काड्यांचा ढीग असायचा, दिवाळीत तोच माणूस कंदील विकायचा. मग शिंपी. मग कल्हई, तीही आत बोळात, कारण नवसागराचा धूर. कोळशाची वखार. वखारीच्या अलीकडे पिठाची गिरणी. "अलीकडे म्हणजे कुठून अलीकडे?" मी विचारलं. "घरून निघालं की अलीकडे," आत्या म्हणाली. घर पाडून बावीस वर्षं झाली.

एका चौकोनावर मात्र आमचं एकमत होतं. आमच्या चाळीच्या तळमजल्यावरचं वह्या-पेनांचं दुकान. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे.

(दृश्य: जुन्या लाकडी फळीचा क्लोजअप. पांढऱ्या रंगातला ७ हा आकडा.)

अण्णांच्या दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. नऊ. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा. रात्री साडेआठला त्या एकेक करून खोबणीत सरकवायच्या. सुताराने प्रत्येक फळी त्या त्या जागेपुरती रंधलेली, त्यामुळे चारच्या जागी पाच घातली की शेवटची बसायचीच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगायचं. मग अण्णा खोबणीत मेणबत्तीचं थोटूक घासायचे आणि तळहाताने फळीवर दोनच थापा मारायचे. तिसरी लागली तर स्वतःवर चिडायचे. सात नंबरची फळी उचलून द्यायचा मान माझा. का, ते कोणी ठरवलं नव्हतं.

पाच पैशांत ते पेनात शाई भरून द्यायचे, ड्रॉपरने, थेंब न सांडता. नवी निब घेतली तर आधी खाकी कागदावर चालवून बघायचे. लिहायचे फक्त "श्री". त्या कागदाचा गठ्ठा गल्ल्याखाली असायचा, शेकडो श्री, कुठले जाड, कुठले फाटलेले. वेगळी निब, वेगळी शाई, अक्षर एकच.

आता इमारत का गेली, हे थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक वाडीत गोष्ट तीच आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या आकड्याशी बांधली. भाडेकरू टिकला, ते बरंच झालं. नाहीतर कारकुनाच्या पगारात आम्ही गिरगावात राहिलोच नसतो. पण आमच्या पावतीवर शेवटपर्यंत बावीस रुपये होते. बिऱ्हाडं चोवीस. म्हणजे मालकाच्या हातात महिन्याला पाचशे अठ्ठावीस रुपये. तेवढ्यात सागाची एक तुळई बदलून दाखवा. मालकाला शिव्या मीही घातल्यात, हा हिशेब मात्र फार उशिरा केला. १९६९ला जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर बसला, आणि उपकर लागलेल्या इमारतींची यादी निघाली : १९,६४२. मग टेकू आले. आमच्या जिन्याखालचे टेकू मी पहिलीत असताना "तात्पुरते" लावले होते. माझ्या लग्नाच्या फोटोत ते आहेत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नोटीस, सभा, दोन तट, सह्या, बिल्डर, ट्रान्झिट कॅम्प. खोल्या विकून निघालेल्यांत आम्हीही होतो, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू?

अण्णांच्या मुलाला नव्या इमारतीत गाळा मिळाला. कायद्याने, नीट, मोजून. पण मागच्या बाजूला, पार्किंगकडे तोंड करून. तिथे वही घ्यायला कोण येणार? त्याने तो कुरिअरवाल्याला भाड्याने दिला. फळ्या भंगारात निघाल्या तेव्हा मी एक मागून घेतली. सात नंबर आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. वर डाळींचे डबे असतात.

(दृश्य: खोताची वाडी. लाकडी जिने, रंगवलेले कठडे, मोबाइलवर फोटो काढणारी मुलं.)

खोताच्या वाडीत अजून काही जुनी घरं उभी आहेत, आणि रविवारी माणसं ती बघायला येतात. फोटो छान येतात. इथेच अनंताश्रम होतं. मासे खायला लोक पार उपनगरांतून यायचे. बंद झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली. वडील पगाराच्या दुसऱ्या दिवशी मला तिथे घेऊन जायचे आणि घरी सांगायचं नाही असं बजावायचे. आईला हाताच्या वासावरून कळायचं.

ऑपेरा हाउस तेवढं परत आलं. १९११ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ला बंद, २०१६ला झुंबरांसकट पुन्हा सुरू. आतून पाहिलं, डोळे दिपले. पण मला कोणी ओळखीचं भेटलं नाही. तो काही थिएटरचा दोष नव्हे.

इतकं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, आत्या रडते की काय. मुळीच नाही. चाळीचं कौतुक सुरू केलं की ती मला मध्येच तोडते. "पहाटे साडेचारला नळाखाली कळशी तू लावायचास का मी? चार बिऱ्हाडांना एक संडास. आता घरात आहे, कडी लावता येते. गप्प बस." कॅमेरा चालू होता. हे वाक्य काढू नकोस, असंही तिने बजावलं.

तिला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नकाशात, शिंप्याच्या आणि वखारीच्या मध्ये, एक चौकोन रिकामा राहिला. काय होतं तिथे? मी म्हटलं घड्याळजी. ती म्हणाली बेकरी. तिच्या मैत्रिणीला बोरिवलीला फोन लावला. ती म्हणाली, दूध केंद्र. तिघांपैकी कोणीच मागे हटेना. शेवटी आत्याने त्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं, पेन आपटलं आणि चहा टाकायला उठली.

(दृश्य: रात्र. डोंबिवलीचं स्वयंपाकघर, भिंतीवरची सात नंबरची फळी. फोन वाजतो. पडदा काळा, फक्त आवाज.)

"झोपला होतास का रे? ऐक. बेकरी नव्हे. तुझंच खरं, घड्याळजी. एक डोळा बारीक करून बघायचा तो. बेकरी पुढे, मुगभाटाच्या तोंडाशी. खोडून नीट कर बघू. आणि पेन्सिलने कर, दूध केंद्राचं मला अजून नक्की आठवत नाही."