रणांगणावरून न परतलेले

(पडद्यावर: पहाटेपूर्वीचा अंधार. मोकळं मैदान. फक्त वारा.)

ग्रीसमधलं मॅरेथॉन. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये अथेन्सच्या फौजेनं इथं इराणी सैन्याला समुद्रापर्यंत मागं रेटलं. त्यानंतर सहाशेहून जास्त वर्षांनी पॉसेनियस नावाचा प्रवासी इथं आला आणि त्यानं लिहून ठेवलं, की या जागी रोज रात्री घोडी खिंकाळतात, माणसं लढत असल्याचे आवाज येतात. मुद्दाम पाहायला जाणाऱ्याचं भलं होत नाही. जो नकळत जाऊन पोचतो, त्याच्यावर मात्र तिथले आत्मे कोपत नाहीत.

अथेन्सच्या १९२ मृतांवर रचलेली मातीची टेकडी आजही उभी आहे. इराण्यांचे ६,४०० पडले, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. त्यांनाही पुरलं, असं अथेन्सचे लोक म्हणत. पॉसेनियसला मात्र त्यांची कबर कुठंच दिसली नाही. एका चरात त्यांना कसंही लोटून दिलं होतं. खिंकाळणाऱ्या घोड्यांपेक्षा मला हा चर जास्त अस्वस्थ करतो.

(पडद्यावर: धुक्यातली इंग्लंडमधली टेकडी.)

एजहिल. २३ ऑक्टोबर १६४२. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीची पहिली मोठी लढाई. दोन महिने उलटले, नाताळ आला, आणि रात्री बाहेर असलेल्या मेंढपाळांना आभाळात तीच लढाई पुन्हा दिसली. नगारे, बंदुकांचे बार, जखमींचं कण्हणं, सगळं तसंच. पुढच्या जानेवारीत त्यावर पत्रक छापून निघालं. बातमी ऑक्सफर्डला राजा चार्ल्सच्या कानावर गेली. त्यानं ती हसण्यावारी नेली नाही, आपले अधिकारी पाठवले. पत्रक सांगतं, की त्यांनीही ते दृश्य पाहिलं आणि तसं शपथेवर सांगितलं. वर लढणाऱ्यांमधले काही चेहरे त्यांनी ओळखलेसुद्धा. त्यात एक होते सर एडमंड व्हर्नी, राजाचं निशाण धरणारे.

व्हर्नी त्या लढाईत पडले होते. त्यांच्या मुलानं खूप शोध केला, पण वडिलांचं प्रेत काही मिळालं नाही.

हिवाळ्यातली रात्र, टेकडीवरचं धुकं, लांबून वाऱ्यावर येणारे आवाज. इथं काय घडलं ते ठाऊक असलं की कान तेच ऐकू लागतात. एवढ्यानं बराच उलगडा होतो, आणि मला तो पटतोही. पण आभाळात नेमका व्हर्नींचाच चेहरा का दिसावा, हे धुक्यावरून कळत नाही. ज्याचं प्रेत घरी आलं नाही, त्याची वाट पाहणं संपत नाही.

(पडद्यावर: पानिपत. काला अंबचा स्तंभ.)

१४ जानेवारी १७६१. इथं एक आंब्याचं झाड होतं. रक्त पिऊन ते काळं पडलं, त्याच्या फळांचा रसही काळपट निघायचा, अशी आख्यायिका. झाड गेलं, नाव राहिलं.

दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. पेशव्यांना खबर मिळाली ती अशा सांकेतिक शब्दांत. दोन मोत्यांपैकी एक सदाशिवरावभाऊ. रणात एक बिनशिराचं प्रेत सापडलं, तेच भाऊंचं असं ठरवून त्याला अग्नी दिला गेला. पुण्यात अनेकांच्या मनाला ते पटलं नाही.

आणि मग भाऊ परत आले. रात्री नाही, भूत होऊन नाही, भर दिवसा. “मीच सदाशिवराव” म्हणत एक माणूस उभा राहिला आणि लोक त्याच्यामागं गेले, कारण त्यांना तो खरा हवा होता. तो तोतया होता. वर्षानुवर्षं चाललेलं ते प्रकरण १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड दिल्यावर मिटलं.

(पडद्यावर: रिकामा वाडा. देवघरात तेवणारी समई.)

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते गेले हे कधीच मानलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही.