शार्लट लुकसबद्दल बोलताना एक बाई स्वतःबद्दल बोलून गेल्या

नमस्कार मंडळी. आज पुस्तकाबद्दल कमी आणि पुस्तकावर बोलणाऱ्या माणसांबद्दल जास्त बोलणार आहे, कारण एक गोष्ट गेले काही दिवस डोक्यातून जातच नाहीये.

आमचा एक ऑनलाइन वाचन ग्रुप आहे. जुन्या इंग्लिश कादंबऱ्या घ्यायच्या, आठवड्याला थोडे चॅप्टर वाचायचे आणि मग चर्चा. कोणी नाशिकचं, कोणी दुबईचं, बहुतेकांनी एकमेकांना कधी बघितलेलं पण नाही. तर जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चालू होतं आणि त्यातल्या शार्लट लुकसचा विषय निघाला. 27 वर्षांची मुलगी, मिस्टर कॉलिन्सवर प्रेम वगैरे काही नाही, पण स्वतःचं घर मिळेल, भावांवर ओझं होणार नाही म्हणून ती हो म्हणते. सगळे तिला नावं ठेवत होते, आणि तेवढ्यात एका बाईंनी भला मोठा मेसेज लिहिला की मला शार्लट समजते, कारण मीही असाच होकार दिला होता. इतकं खरं मी त्या ग्रुपवर आधी कधी वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून, नावासकट, आपल्या दुसऱ्या एका ग्रुपवर टाकला, "किती सुंदर लिहिलंय बघा" म्हणून. तिथे त्या बाईंच्या सासरचं कोणीतरी होतं. बाई ग्रुप सोडून गेल्या.

आता टाकणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहितीये. पण हेच तर सांगायचंय, बहुतेक वेळा हे कौतुकातूनच होतं.

आपण ज्यांची पुस्तकं वाचतो ना, त्यांच्या घरातही हे झालंय. ब्राँटी बहिणी, शार्लट (ही लुकस नव्हे, खरी लेखिका), एमिली आणि ॲन, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या. 1846 मध्ये त्यांनी कवितांचं पुस्तक काढलं ते अनुक्रमे करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी, आद्याक्षरं तेवढी स्वतःची ठेवली. 1847 मध्ये 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' आली तीही याच नावांनी. मग हे बेल म्हणजे एकच माणूस आहे अशी चर्चा सुरू झाली, प्रकाशकांमध्ये घोळ झाला, म्हणून जुलै 1848 मध्ये शार्लट आणि ॲन रातोरात ट्रेनने लंडनला गेल्या आणि प्रकाशकाच्या ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या, की बघा, आम्ही वेगवेगळ्या आहोत. एमिली गेलीच नव्हती. आणि तिथे बोलता बोलता शार्लट सांगून बसली की आम्ही तीन बहिणी आहोत. एमिलीला ते अजिबात सहन झालं नाही. त्याच महिन्याच्या शेवटी शार्लटने प्रकाशकाकडच्या माणसाला पत्र लिहून विनंती केली की पुढच्या पत्रांत माझ्या बहिणींचा उल्लेख करू नका, एलिस बेलची, म्हणजे एमिलीची, ओळख उघड करून मी मोठी चूक केली. सख्खी बहीण, शिवाय खोटंही काही बोलली नव्हती. पण एमिलीचं नाव कुठे सांगायचं हे एमिलीने ठरवायचं होतं, शार्लटने नाही.

तर मग आपण काय करायचं? स्क्रीनशॉट काढायच्या आधी त्या माणसाला विचारायचं, "हे बाहेर टाकू का, नाव ठेवू की काढू?" उत्तर आलं नाही तर नाही समजायचं. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अनोळखी लोकांना तुमचा नंबर दिसतो हे लक्षात असू द्या, प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसेल असं सेटिंग करता येतं, ते करून टाका. टेलिग्रामवर तर नंबरच लपवता येतो. आणि अजून एक, जे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, कॉलेज, कधीकधी अख्खा पत्ता लिहायची सवय असते आणि आपण हौसेने त्याच पानाचा फोटो टाकतो. कव्हरचा टाका की.

ग्रुपमधून नंबर उचलून कोणालाही थेट पर्सनल मेसेज करू नका, बायकांना तर नाहीच नाही. "तुमचं 'एमा'वरचं मत आवडलं, कुठे राहता?" याला चर्चा म्हणत नाहीत.

आणि 'एमा'चं नाव निघालंच आहे (हीही ऑस्टिनचीच कादंबरी, नायिकेचं नावच एमा) तर त्यातली बॉक्स हिलची सहल आठवा, चॅप्टर 43. (तुमची प्रत तीन भागांची असेल तर तिसऱ्या भागातला सातवा, म्हणून ग्रुपवर आकडा लिहिताना कुठली प्रत ते पण लिहा, नाहीतर बिचाऱ्या मागे असलेल्यांना पुढचं कळून जातं.) तिथे खेळ असा असतो की प्रत्येकाने एक हुशारीची गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्या, नाहीतर तीन अगदी रटाळ. एमाच्या ओळखीची, खूप बडबड करणारी मिस बेट्स भोळेपणाने म्हणते, मला तीन रटाळ सहज जमतील. आणि एमा सगळ्यांसमोर म्हणते की अडचण एवढीच आहे, एका वेळी तीनच सांगायची परवानगी आहे. मिस बेट्सला ते कळायला क्षणभर लागतो, आणि मग ती लाल होते. मला तो क्षण वाचवत नाही, कारण मराठी मीडियममधून आलेलं कोणी पहिल्यांदा धीर करून इंग्लिशमध्ये दोन ओळी लिहितं आणि खाली लगेच स्पेलिंग सुधारणारा येतो, तेव्हा नेमकं हेच होतं. तो माणूस परत लिहीत नाही. अर्थ कळला ना? मग त्याच्या मुद्द्यावर बोला.

एमाचा जुना मित्र नाइटली तिला झापतो तेही बाजूला, गाडीची वाट बघताना, चारचौघांत नाही, हे मला फार आवडतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एमा मिस बेट्सच्या घरी जाते.

मी त्या ग्रुपची ॲडमिन आहे. स्क्रीनशॉटचं कळल्यावर दोन दिवस मी काहीच बोलले नाही, वाटलं विषय वाढेल. काल शेवटी बाईंना लिहिलं, माफी मागितली, कारण वगैरे काही दिलं नाही. त्यांनी वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही आणि मी परत विचारणारही नाहीये.