आधी उघडून बघा

(भुसावळ येथे माजी सैनिक आणि शस्त्रपरवानाधारकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

राम राम मंडळी.

मी सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे शस्त्रांचा मिस्त्री. नोकरीचा बराचसा काळ आपल्या नऊ मिलिमीटर वन-ए पिस्तुलावर हात काळे करण्यात गेला. समोर बसलेल्या कित्येकांनी ते कमरेला लावलंय. ते बनायचं बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत, पण त्याचं कूळ बेल्जियमचं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने त्याची आखणी सुरू केली आणि १९२६ साली बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यातच त्याने प्राण सोडला. अर्धं राहिलेलं काम द्यूदोने सेव्ह यांनी पुरं केलं आणि १९३५ साली ‘हाय-पॉवर’ बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने तेच बनवलं आणि त्यावरूनच आपलं वन-ए आलं. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या खोक्यात, तेरा गोळ्या. त्या काळात ही संख्या ऐकून लोक चकित व्हायचे.

निवृत्त झाल्यावर गावाकडे आलो आणि लोक विचारायला लागले. कोणी केळीचा बागायतदार, कोणी सराफ, कोणी बँकेच्या दारावर उभा राहणारा आपलाच जुना फौजी. सगळ्यांचा प्रश्न एकच: “आबा, कोणतं पिस्तूल घेऊ? जुन्या घाटाचं, चांगलं, टिकाऊ पाहिजे.” माझं उत्तर तेव्हापासून बदललेलं नाही. नाव नंतर विचारा, आधी उघडून बघा.

परवान्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावरच निवड अडते. नऊ मिलिमीटर किंवा पॉइंट पंचेचाळीस इंच ही फौजेची गोळीची मापं आपल्यासारख्यांच्या साध्या परवान्यावर मिळत नाहीत. आपल्या वाट्याला मुख्यतः पॉइंट बत्तीस येतं. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. सातपुड्याच्या पायथ्याला गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तसला कट्टा हा तुरुंगाचा रस्ता तर आहेच, पण मिस्त्री म्हणून सांगतो, त्याची नळी हातात फुटू शकते. त्याला मी हत्यार म्हणत नाही.

आता पॉइंट बत्तीसकडे. हेही काडतूस ब्राउनिंगचंच, १८९९ चं. गोळी हलकी, धक्का कमी, म्हणून पिस्तुलाची रचना साधी ठेवता येते. वन-एमध्ये बार उडाला की नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा पोलादी भाग, क्षणभर एकमेकांत अडकून मागे येतात आणि मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं. बत्तीसमध्ये नळी जागची हलत नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच सगळं तोललेलं असतं. म्हणून या पिस्तुलाचा जीव स्प्रिंगमध्ये आहे. स्प्रिंग थकली की स्लाइड दर बाराला जोरात मागे आदळते. ती आदळआपट वर्षानुवर्षं चालली की सांगाड्याला तडा जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

जुन्या घाटात तुम्हाला दिसतील ती नावं म्हणजे कोल्टचं १९०३, बेल्जियमचं १९१०, वाल्थरचं १९२९ चं पीपी, वेब्लीची छोटी पिस्तुलं. आकडे म्हणजे मॉडेलचं साल. सारायेव्होत १९१४ साली ऑस्ट्रियाच्या युवराजावर जो बार उडाला आणि महायुद्ध पेटलं, तो बेल्जियमच्या १९१० मधून उडालेला. त्या पिस्तुलात ब्राउनिंगने स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली. त्यामुळे ते सडपातळ झालं आणि वाल्थरनेही तीच वाट धरली. वाल्थरमध्ये घोडा, म्हणजे मागचा आपटणारा हातोडा, पडलेला असला तरी पहिला बार नुसता चाप ओढून उडतो, पण तो ओढ लांब आणि जड असतो. आपल्याकडे सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीसचं ‘अशनी’ आहे. आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, म्हणून जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव चढलेत. पैसे बहुतेक नावाला जातात. १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकी फौजेने ब्राउनिंगच्या पॉइंट पंचेचाळीसमधून सहा हजार गोळ्या झाडून बघितल्या. तापलं की पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडलं नाही. पण ती परीक्षा त्या दिवशीच्या त्या पिस्तुलाची होती. तुमच्या हातात ठेवलेलं पिस्तूल ऐंशी वर्षं कुठे पडून होतं, हे त्यावरच्या नावावरून कळत नाही.

उघडायच्या आधी खाली करायचं. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून धरा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. हा क्रम चुकवू नका. वन-एमध्ये मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. त्या सोयीची सवय झालेल्या एका जवानाने दुसऱ्याच बनावटीचं पिस्तूल तसंच समजून माझ्यासमोर चाप ओढला. तोंड वाळूच्या पोत्याकडे होतं म्हणून आज तो नातवंडं खेळवतोय. त्या दिवशी पोत्यातून सांडणारी वाळू मी अजून विसरलो नाही.

आता नळी. पांढरा कागद मागे धरून तोंडाकडून बघा. आतल्या पेचदार खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर कोणीतरी न पुसता ठेवलंय. आणि कुठे सावलीचं कडं दिसलं तर ते पिस्तूल तिथेच परत द्या, नळी फुगलेली आहे.

मग स्लाइड मागे ओढून हलक्या हाताने सोडत आणा. ती शेवटचं बोटभर अंतर आपल्या जोराने मिटली पाहिजे. अंगठ्याने ढकलावी लागत असेल तर स्प्रिंग गेली किंवा आत घाण आहे.

सर्वांत जास्त वेळ मॅगझिनला द्या. लोक त्याला डबी समजतात, पण दहातले नऊ अडथळे तिथून येतात असं माझा अनुभव सांगतो. त्याचे वरचे दोन ओठ समान वाकलेले हवेत, चिरलेले नकोत. बत्तीसच्या काडतुसाच्या बुडाला बारीकशी कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की पिस्तूल तिथेच बसतं. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना मागे नीट सरकवायचं. जुन्या विलायती पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन मिळत नसेल तर मी तरी ते घेणार नाही, भाव कितीही उतरला तरी.

चाप बघताना घोडा चढवून ओढा. ओढ सरळ, एकसारखा, शेवटी काच तुटल्यासारखा सुटावा. मध्ये अडखळत असेल तर कोणीतरी कानस लावलीय. घोडा बाहेर असेल तर चढवलेला घोडा मागून अंगठ्याने ढकलून बघा. तो पडला तर त्या पिस्तुलाला पुन्हा हात लावू नका.

आपल्या हवेचंही बोलायला पाहिजे. भुसावळच्या मे महिन्यात पातळ तेल महिनाभरात उडून जातं आणि काळ्या मातीची धूळ उरते. तेल थोडं घाला, पण वरचेवर घाला. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नेमकं म्यान चिकटतं तिथेच गंज चढतो.

मागच्या वर्षी रावेरकडचे एक शेतकरी वडिलांचं बेल्जियम पिस्तूल परवान्यासह घेऊन आले. नवं, चकचकीत घ्यायचं म्हणून हे विकायचं होतं. आम्ही ते ओट्यावर फडक्यावर उघडलं. वरची निळाई, म्हणजे पोलादावरचा निळसर मुलामा, पार उडालेली, पण नळी आतून आरशासारखी. वडील दर दिवाळीला पुसायचे म्हणे. स्प्रिंग मात्र नवीपेक्षा दोन बोटं आखूड झालेली. स्प्रिंग त्यांनी परवानाधारक दुकानातून बदलून घेतली आणि रेंजवर दोन मॅगझिन झाडून आले. संध्याकाळी फोन आला, सगळं बरोबर आहे, एवढंच आपल्या बोलीत म्हणाले, “आबा, बठ्ठं बरोबर से.”