दही, फळं आणि सात ग्रॅम जिलेटिन

श्रोतेहो, नमस्कार. आज दही आणि फळांचं पुडिंग करू या, जिलेटिन घालून घट्ट बसवलेलं. हाताशी कागद-पेन असेल तर घ्या. नसेल तरी हरकत नाही, प्रमाणं मी दोनदा सांगणार आहे. आपलं काम पंधरा-वीस मिनिटांचं, बाकीचं फ्रिजचं.

चार-पाच जणांसाठी आंबट नसलेलं घट्ट दही 400 ग्रॅम, क्रीम 100 मिली, पिठीसाखर 60 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी. बिनचवीचं, बिनरंगाचं जिलेटिन 7 ग्रॅम आणि ते भिजवायला गार पाणी 50 मिली. चिरलेली फळं 200 ग्रॅम. शिवाय चिमूटभर मीठ, त्यानं दह्याची चव उठून येते. पुन्हा सांगते: दही 400, क्रीम 100, साखर 60, जिलेटिन 7, पाणी 50, फळं 200. साखर थोडी इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, जिलेटिन मात्र मोजूनच घ्या. वजनकाटा नसेल तर चहाचे दोन चमचे सपाट भरून, आणि वर पाव चमचा. शिगोशीग भरलेत तर पुडिंग रबरासारखं होईल आणि चमच्याखाली उड्या मारेल.

दही स्वच्छ फडक्यात बांधून अर्धा तास टांगा, फ्रिजबाहेर. या अर्ध्या तासात सुटं पाणी निथळतं आणि दह्याचा गारठाही जातो. पूर्ण चक्का होईपर्यंत ठेवू नका, पुडिंग पिठूळ लागतं. मग दह्यात साखर आणि मीठ घालून गुठळी राहणार नाही इतपत फेटून घ्या.

आता जिलेटिन. वाटीत आधी गार पाणी घ्या आणि त्यावर जिलेटिन भुरभुरवा. उलट करू नका. पावडरीवर पाणी ओतलं की वरचा थर चिकट होतो, आतली पावडर कोरडीच राहते आणि ती गुठळी नंतर काही केल्या विरघळत नाही. पाच ते दहा मिनिटांत सगळं पाणी शोषून ओल्या स्पंजासारखा गोळा तयार होतो. ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ढवळा. दोन-तीन मिनिटांत गोळा विरघळून फिकट पिवळसर, पारदर्शक पाणी होतं. एक थेंब बोटांच्या चिमटीत चोळून बघा, कण लागला तर आणखी थोडं ढवळा. थेट आचेवर उकळू मात्र नका. जिलेटिन हे प्रथिन आहे, उकळत राहिलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि पुडिंग ढिलं बसतं.

यापुढचं एक मिनिट सगळ्यात नाजूक. बहुतेकांचं पुडिंग इथेच बिघडतं. जिलेटिनचं पाणी साधारण 15 अंशांच्या खाली गेलं की गोठायला लागतं, आणि फ्रिजमधून काढलेलं दही असतं चार-पाच अंशांवर. अशा दह्यात ते ओतलं तर पडताक्षणी गोठतं आणि खाताना दाताखाली चिवट तारा येतात. म्हणून दही जिलेटिनकडे न्यायचं. वाटीतल्या कोमट जिलेटिनमध्ये दोन मोठे चमचे दही घालून ढवळा, पुन्हा दोन घाला, ढवळा. हे सरसरीत मिश्रण मग बारीक धारेनं बाकीच्या दह्यात सोडा, दुसऱ्या हातानं फेटत राहा. तरीही तारा झाल्याच तर टाकून देऊ नका. भांडं गरम पाण्यावर धरून, बोटाला कोमट लागेपर्यंत फेटा. जिलेटिन पुन्हा वितळतं. त्याहून जास्त तापवलंत तर मात्र दही फाटेल.

क्रीम वेगळं फेटून घ्या, चमचा उचलल्यावर मऊ टोक येऊन लगेच वाकेल इतकंच. जास्त फेटलं तर लोण्याचे कण होतात. हलक्या हातानं ते दह्यात मिसळा. घाई असेल तर हे भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि तळाशी, कडेशी खरवडत ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत मिश्रण दाटतं. चमच्यानं रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकली की भांडं लगेच बाहेर काढा आणि फळं घाला. त्याआधी घातली तर तळाला जाऊन बसतात. लहान वाट्यांत ओतलंत तर फ्रिजमध्ये दीड-दोन तास पुरतात. एकाच मोठ्या साच्याला निदान चार.

फळं कोणती? स्ट्रॉबेरी, द्राक्षं, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, सफरचंद, डाळिंबाचे दाणे, सगळं चालतं. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटतं. फोडींवर चमचाभर साखर घालून दहा मिनिटं ठेवा आणि रस निथळून घ्या. तो रस गार असताना जिलेटिन भिजवायला पाण्याऐवजी वापरता येतो, रंगही छान येतो.

कच्चा, म्हणजे न शिजवलेला अननस, पपई, किवी आणि अंजीर मात्र घालू नका. प्रथिनं तोडणारी एन्झाइम त्यांच्यात असतात, अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन. ती जिलेटिनला कापत जातात आणि रात्रभर ठेवलं तरी पुडिंग पातळच राहतं. फळ फ्रीजरमध्ये ठेवून ही एन्झाइम मरत नाहीत, उष्णतेनं मरतात. फोडी पाचेक मिनिटं उकळून पूर्ण गार केल्या तर बिनधास्त घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तोही चालतो.

जिलेटिन प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनतं. ते नको असेल तर समुद्री शेवाळाचं अगार-अगार घ्या, 3 ग्रॅम पावडर 150 मिली पाण्यात दोन मिनिटं चांगली उकळून. पण ते 35 ते 40 अंशांवरच गोठतं, म्हणून दही आणि क्रीम दोन्ही कोमट हवीत आणि क्रीम न फेटता घालायचं. पुडिंग बसेल, पण तुकडा पडणारं. जिलेटिनचं तोंडात विरघळतं, कारण ते शरीराच्या उष्णतेला वितळतं. ती मजा अगारमध्ये नाही.

साच्यातून काढताना साचा कोमट पाण्यात पाच ते दहा सेकंद बुडवा, कड बोटानं सोडवा आणि ताटलीवर उलटा करा. झाकून ठेवलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. फ्रीजरमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं.

आणि चार तासांनीही बसलं नाही तर? जिलेटिन कमी पडलं असेल तर आणखी 2 ग्रॅम चमचाभर पाण्यात भिजवून, वितळवून, मिश्रण कोमट करून आधीसारखंच मिसळा. कच्चा अननस पडला असेल तर तो खटाटोप करू नका. बर्फ घालून तेच पेल्यांत ओता आणि लगेच पिऊन टाका. ठेवलंत तर दह्यातली प्रथिनंही तुटून ते कडू होईल.