शिशाच्या गोळीवरचे पांघरूण

पडद्यावर दिसणारे हे विजेवर तापणारे लहान भांडे अमेरिकेतील एका घराच्या गॅरेजमध्ये मांडलेले आहे. भांड्यातील शिशावर राखी रंगाची साय धरली आहे आणि झाऱ्याने ती बाजूला सारताच खालचा पातळ धातू चांदीसारखा उजळून निघतो. शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंड वितळवायचे तर १,५३८ अंशांपर्यंत जावे लागते आणि त्यासाठी भट्टी व भाता यांवाचून चालत नाही. शिशाला मात्र घरची चूलही पुरते. बंदुकीची गोळी शतकानुशतके घराघरांत ओतली गेली, त्यामागे हेच साधे कारण आहे. पाण्याच्या अकरापटींहून जड असलेला आणि हवा तो आकार घेणारा हा धातू गोळीसाठी जणू बेतलेलाच होता. अडचण एवढीच की तो मऊ आहे आणि ज्याला लागेल त्याला आपला अंश चिकटवून जातो: बंदुकीच्या नळीला, ओतणाऱ्याच्या बोटांना आणि तिथून त्याच्या रक्ताला. म्हणून गोळीचा इतिहास हा बऱ्याच अंशी शिशावर काहीतरी पांघरूण घालण्याचा इतिहास आहे, आणि हौशी ओतकाम करणाऱ्यांनी अलीकडे वापरात आणलेले पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड भाजून चढवलेला लेप, हे त्यातले नवे पांघरूण होय.

घरी ओतलेल्या गोळ्यांचा सर्वांत प्रसिद्ध हिशेब अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला आहे. न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन येथे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा १७७० मध्ये उभारला गेला होता. तो शिशाचा होता आणि त्यावर सोन्याचा मुलामा होता. ९ जुलै १७७६ रोजी शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला, त्या संध्याकाळी जमावाने तो पुतळा खाली ओढला. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड या गावी, त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेल्या ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोहोचले. तेथे गावातील स्त्रियांनी आणि मुलांनी ते वितळवले आणि कोणी किती गोळ्या ओतल्या हे नावानिशी टिपून ठेवले. एकूण बेरीज ४२,०८८ भरली. त्या काळच्या स्त्रियांच्या आणि मुलांच्या श्रमांची इतकी नेटकी नोंद क्वचितच सापडते, म्हणून तो आकडा आजही वाचताना मन थबकते.

हा छंद अमेरिकेत आजही टिकून आहे, कारण तेथील केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायच्या असतील तर लागतो. भारतात परिस्थिती पूर्ण वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढे जे दिसेल ते अमेरिकेतील कारागिरीचे चित्रण म्हणूनच पाहावे.

निव्वळ शिसे आजच्या वेगवान गोळीसाठी फार मऊ पडते, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. कथील म्हणजे आपल्याकडच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना नवसागराबरोबर वापरला जाणारा तोच धातू. त्यामुळे वितळलेले शिसे साच्याच्या बारीक कोपऱ्यांत नीट पसरते. अँटिमनीमुळे मिश्रधातू कठीण होतो आणि गोठताना कमी आकसतो, त्यामुळे ओतीव वस्तूच्या कडा रेखीव येतात. या तीन धातूंचे नाते मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी मुंबईत जे देखणे देवनागरी खिळे ओतले गेले, ते याच जातीच्या धातूचे. ज्या गुणामुळे वेलांटीचे टोक आणि अनुस्वाराचे टिंब कागदावर स्पष्ट उमटत असे, त्याच गुणामुळे गोळीचे खाचे साच्यातून स्पष्ट निघतात. लायनोटाइप या अक्षरांच्या अख्ख्या ओळी ओतणाऱ्या छापखान्यातील यंत्राच्या धातूत साधारणपणे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. अमेरिकेतील छापखान्यांनी ती यंत्रे मोडीत काढली, तेव्हा त्यांचा धातू हौशी ओतकामगारांनी आनंदाने उचलला. मोटारीच्या चाकाचा तोल साधण्यासाठी लावली जाणारी वजने हा त्यांचा दुसरा साठा होता. तोही आता आटत चालला आहे, कारण ती वजने जस्ताची किंवा पोलादाची येऊ लागली आहेत आणि चुकून वितळलेले थोडेसे जस्तही साऱ्या भांड्यातल्या शिशाचे ओतकाम बिघडवते.

आता साचा पाहा. दोन अर्ध्या ठोकळ्यांच्या मधल्या पोकळीत शिसे ओतले जाते, काही सेकंदांत ते गोठते, वरचे जादा शिसे पट्टीने कापले जाते आणि साचा उघडताच गोळी मऊ कापडावर पडते. साचा थंड असेल तर गोळीच्या अंगावर सुरकुत्या येतात. फार तापला असेल तर अंगावर दंव पडल्यासारखा पांढुरका थर दिसतो. अनुभवी माणूस तापमापकाआधी गोळीचा चेहराच वाचतो. वितळलेल्या शिशात तो मेणाचा तुकडा किंवा कोरडा लाकडी भुसा टाकून ढवळतो, त्यामुळे हवेशी संयोग होऊन वर आलेले कथील पुन्हा धातूत उतरते आणि मळी वेगळी होते. या साऱ्या कामात एक गोष्ट अक्षम्य आहे आणि ती म्हणजे ओलावा. पाण्याचा थेंब शिशाखाली सापडला की त्याची वाफ होताना त्याचे आकारमान सोळाशेपटींहून अधिक वाढते आणि भांड्यातले शिसे छतापर्यंत उडते. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि पायात बंद बूट न घालता भांड्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाला धाडसी म्हणता येणार नाही.

गोळी तयार झाली, तरी खरा प्रश्न पुढेच असतो. रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या पिळदार खाचा असतात आणि त्यांत घट्ट बसल्याशिवाय गोळीला फिरकी मिळत नाही. पण घट्ट बसलेली मऊ गोळी वेगाने सरकली की तिचे शिसे त्या खाचांत चिकटून राहते आणि नेम बिघडतो. जुन्या शिकाऱ्यांनी यावर तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळण्याचा उपाय केला होता. फ्रान्सच्या मिनिए यांनी १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली गोळी आणली, जी नळीत सहज उतरत असे आणि बार उडताना फुगून खाचांत बसत असे. त्याच धर्तीच्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत गोळीभोवतीचा कागद चरबीने माखलेला असे, कारण तो कागद आणि ती चरबी हेच त्या गोळीचे पांघरूण होते.

याच ठिकाणी गोळीचा इतिहास आपल्या इतिहासात शिरतो. गोळी आणि दारू भरलेले ते कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. कोलकात्याजवळच्या दमदम येथे जानेवारी १८५७ मध्ये, त्या चरबीत गाईची आणि डुकराची चरबी आहे अशी वार्ता शिपायांत पसरली. सरकारने नंतर शिपायांना स्वतःचे वंगण वापरण्याची मुभा दिली, पण विश्वास गेलेला होता. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि १० मे रोजी मीरतची छावणी पेटली. उठावाची कारणे अनेक होती आणि ती खोलवर रुजलेली होती, हे खरे. तरीही मऊ शिसे नळीत चिकटू नये यासाठी लावलेल्या वंगणाने एवढी मोठी ठिणगी टाकावी, ही गोष्ट गोळीच्या कोणत्याही इतिहासातून वगळता येणार नाही.

पुढे १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी शिशाच्या गोळीला तांब्याचे कवच चढवले आणि लष्करांचा प्रश्न सुटला. त्या कवचाचे टोक उघडे ठेवून अधिक भीषण जखम करणारी गोळी त्याच दमदमच्या कारखान्यात शतकाच्या अखेरीस बनली आणि १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. मात्र तांब्याचे कवच घरी चढवणे सोपे काम नाही. त्यामुळे हौशी माणूस अनेक दशके मधमाशांच्या मेणाचे वंगण गोळीच्या खाचांत भरत राहिला. ते हाताला चिकटते, बार उडताना धूर करते आणि उन्हाळ्यात पाघळते.

पावडर कोटिंग इथे कामी आले. भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारला तर खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींना आणि लोखंडी कपाटांना हाच लेप दिलेला दिसेल. यात पातळ द्रावक नसतो. रंगाची कोरडी पूड स्थिर विद्युतभाराने धातूला चिकटते आणि भट्टीत वितळून तिचे कठीण, सलग आवरण बनते. घरी काम करणारे लोक गोळ्या, पूड आणि प्लॅस्टिकचे लहान मणी एका डब्यात घालून हलवतात. घर्षणाने तयार झालेला विद्युतभार तेवढ्यापुरता पुरेसा होतो. नंतर त्या सुमारे २०० अंशांवर वीसेक मिनिटे भाजल्या जातात. सारी युक्ती या आकड्यात आहे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे गोळीसाठीचे नेहमीचे मिश्रण साधारणपणे २४० अंशांच्या आसपास वितळू लागते, म्हणजे पुडीचे आवरण पक्के होते तेव्हा आतली गोळी अजून घन असते. अंतर चाळीस अंशांचे आहे आणि भट्टीचा तापमापक खोटा असेल तर ट्रेमध्ये गोळ्यांच्या जागी थारोळे सापडते. ही भट्टी स्वयंपाकाची कधीही नसावी. एकदा शिशासाठी वापरलेल्या भट्टीत पुन्हा पाव भाजला जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक घराने घेतलीच पाहिजे.

लाल, हिरव्या, निळ्या रंगांत निघालेल्या या गोळ्या हातात घेतल्या तर बोटे काळी होत नाहीत, नळीही स्वच्छ राहते. त्यामुळे शिशाचा धोका संपला असा समज सहज होतो आणि तो समज घातक आहे. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते, पण मळी काढताना उडणारी बारीक धूळ कपड्यांवर, बाकावर आणि जमिनीवर बसते, तेथून ती बोटांवाटे तोंडात जाते आणि घरातील रांगत्या मुलापर्यंत पोहोचते. लहान मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये दखल घेण्याची पातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. आवरण गोळीला असते, धुळीला नसते. शिवाय काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतील स्फोटकात सामान्यतः शिशाचे संयुग असते, त्यामुळे बंद जागेत नेमबाजी करणाऱ्याच्या श्वासात शिसे येतच राहते. शिकारीतल्या गोळीचे तुकडे प्राण्याच्या मृतदेहात उरतात. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती आणि त्यांच्या मृत्यूंचे प्रमुख कारण आजही शिशाची विषबाधा आहे. त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. रंगाने झाकलेली गोळीही त्यातून सुटत नाही.

शेवटचे दृश्य पुन्हा त्याच गॅरेजचे आहे. मैदानावरील मातीच्या बांधातून चाळून काढलेल्या चपट्या, लाल-हिरव्या गोळ्या भांड्यात पडतात. दार सताड उघडे आहे, पंखा धूर बाहेर ओढतो आहे. रंग करपतो, काळा होतो आणि राखेसारखा वर तरंगतो. झारा फिरतो, राख झाकणाच्या डब्यात जाते आणि खाली पुन्हा तोच उघडा, चांदीसारखा धातू दिसू लागतो.